धारावीत सरकारचा एक रुपया लागणार नाही म्हणतात, मग पैसा नेमका कोणाचा?

लेबरकॅम्पवाला:
नमस्कार मंडळी. माटुंगा लेबर कॅम्पला राहतो, म्हणजे धारावीच, बाहेर सांगताना आमच्यातले निम्मे नुसतं माटुंगा सांगतात ते सोडा. पुनर्विकासाचे सर्व्हेवाले येऊन घरावर नंबर टाकून गेले आणि तेव्हापासून नाक्यावर दुसरा विषयच नाही. एक पार्टी म्हणते सरकारच्या तिजोरीतून काही जात नाही, सगळं अदानी करणार, दुसरी म्हणते मग ते काय दानधर्म करायला बसलेत का, कुठून तरी वसूल करणारच ना. पुनर्विकास करणाऱ्या कंपनीत ८० टक्के अदानींचे आणि २० टक्के राज्य सरकारचे, २०२२ ला बोली ५०६९ कोटींची, एवढं पेपरात वाचलंय. पण ३५० फुटाचं घर फुकट, पुढची १० वर्षं मेंटेनन्स नाही, गाळेवाल्यांना २२५ फूट फुकट, हा हिशोब बसतो कुठे? कोणीतरी सरळ भाषेत सांगा, व्हॉट्सअॅपवरच्या पीडीएफ नका टाकू प्लीज. आणि आमच्या वरच्या माळ्यावर भाडेकरू आहे कैक वर्षं, त्याचं काय होणार तेही कोणाला माहीत असेल तर सांगा, रोज विचारतो बिचारा.

नकाशेवाला:
दादा मी आर्किटेक्टच्या ऑफिसात मंजुरीची कामं बघतो त्यामुळे जमेल तसं सांगतो. तिजोरीतून चेक निघाला नाही म्हणजे सरकारने काही दिलं नाही असं नसतं. मुंबईत बांधायची परवानगी हाच पैसा आहे आणि ती परवानगी सरकार देतंय. तुमची घरं बांधून दिली की त्या बदल्यात विकायला बांधकाम मिळतं, पण धारावीत विमानतळामुळे उंचीला मर्यादा आहे, सगळं तिथे मावणार नाही, मग उरलेला एफएसआय, म्हणजे बांधायचा हक्क, टीडीआर करून, म्हणजे दुसऱ्या प्लॉटवर वापरता येईल असा करून, शहरात दुसरीकडे विकायचा. इथपर्यंत सगळ्याच एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसन) स्कीमला थोडंफार असंच चालतं. खरी गंमत पुढे आहे. २०२३ च्या शेवटी नियम आला की मुंबईत कुठल्याही बिल्डरला टीडीआर वापरायचा असेल तर पहिला ४० टक्के धारावीचाच घ्यायचा. भावाला वरची मर्यादा आहे, जिथे वापरणार त्या प्लॉटच्या रेडीरेकनरच्या (जमिनीच्या सरकारी दराच्या) ९० टक्के, पण गिऱ्हाईक तर सरकारनेच बांधून दिलं ना. म्हणजे उद्या बोरिवलीत एखादी जुनी सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली की तिचा बिल्डर धारावीचा टीडीआर घेणार आणि तो खर्च तिथल्या नवीन फ्लॅटच्या किमतीत नाहीतर जुन्या मेंबरांना मिळणाऱ्या जादा एरियात कापला जाणार. टॅक्स नाही म्हणायचं याला, पण भरणार मुंबईकरच. शिवाय रेल्वेची ४५ एकर जमीन, मुलुंड-भांडुप-कांजूरची मिठागरं, कुर्ल्याची मदर डेअरीची जागा, या सगळ्या पब्लिकच्याच जमिनी.
माझं स्वतःचं मत विचाराल तर शहराने धारावीसाठी पैसा देण्यात काही वावगं नाही, इतकी वर्षं धारावीने शहराला स्वस्तात माल आणि माणसं दिली. फक्त तो देतोय असं सांगून द्या आणि किती टीडीआर निघाला, कितीला विकला याचा हिशोब वेबसाइटवर टाका, बस.

जांबोरी_कॉर्नर:
आम्ही वरळीच्या बीडीडी चाळवाले, आमच्या जुन्या सरकारी चाळींचाही पुनर्विकास चाललाय. आमच्याकडे बिल्डर नाही, म्हाडाने स्वतः पैसा घातला आणि ठेकेदार नेमला, वरळीला टाटा, नायगावला एल अँड टी, ना. म. जोशी मार्गला शापूरजी. १६० फुटाच्या खोलीच्या बदल्यात ५०० फूट. म्हाडाने घातलेला पैसा विक्रीच्या फ्लॅटमधून वसूल होणार, म्हणजे खेळ तोच पण फायदा झाला तर तो सरकारी संस्थेला. मग धारावीत हे का नाही केलं हे कोणी सांगेल का? पण फार हुरळूनही जाऊ नका हां, भूमिपूजन २०१७ ला झालं, २०२१ ला वरळीत परत झालं, आणि पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या मिळाल्या ऑगस्ट २०२५ ला. मधल्या काळात किती म्हातारी माणसं घर न बघता गेली.

नकाशेवाला:
@जांबोरी_कॉर्नर बीडीडीत जमीन सरकारची, भाडेकरू सरकारचे, प्रत्येक खोलीची भाडेपावती. धारावीत खाली एक, वर दुसरा, मागे कारखाना आणि पोटमाळ्यावर त्याचेच कामगार झोपतात. पात्र कोण यातच सगळं अडकतं, पैसा नंतरचा प्रश्न.

जुना_धारावीकर:
थेट सरकारी पैसा एकदा आला होता की. १९८५ ला राजीव गांधी आले, मुंबईसाठी १०० कोटी जाहीर केले त्यातले ३७ कोटींच्या आसपास धारावीला. पीएमजीपीच्या, म्हणजे पंतप्रधान अनुदान प्रकल्पाच्या, बिल्डिंगा त्यातल्या. तेव्हा घर फुकट नव्हतं, पैसे भरायला लागले, ज्यांना झेपलं नाही ते विकून गेले. फुकट घराची बोली ९५ नंतर सुरू झाली. मग २००४ ला मोठा प्लॅन मंजूर झाला, सेक्टर पाडले, टेंडर निघाली, कधी कोणी भरलंच नाही, २०१८ च्या टेंडरला ७२०० कोटींची बोली आली ती रेल्वेच्या जमिनीच्या भानगडीत रद्द. ७२०० रद्द आणि ५०६९ मंजूर, अटी बदलल्या म्हणतात, बदलल्या असतीलही, मी आपला आकडा सांगितला.

माळ्यावरची:
लेबरकॅम्पवाले भाऊ तुमच्या भाडेकरूला सांगा घाबरू नको पण कागद गोळा कर. खालच्या मजल्याचे १ जानेवारी २००० च्या आधीचे असतील त्यांनाच धारावीत फुकट. २००० ते २०११ वाल्यांना अडीच लाख भरून धारावीच्या बाहेर. आणि आम्ही वरचे, १५ नोव्हेंबर २०२२ च्या आधीपासून राहत असू तर बाहेर ३०० फूट, भाडं भरत राहायचं आणि पुढे जाऊन घर आपलं. त्याला लाइटबिल, रजिस्टर केलेलं अॅग्रीमेंट, आधार किंवा पासपोर्ट, नाहीतर खालच्या मालकाचं प्रतिज्ञापत्र, यातलं काहीतरी लागतं. आमच्याकडे लाइटबिल मालकाच्या नावावर, अॅग्रीमेंट कसलं, डिपॉझिट हातात दिलं आणि राहायला आलो, आणि आमचा मालक प्रतिज्ञापत्रावर सही करेना, त्याला वाटतं माझ्या हक्कात वाटेकरी येईल. तुमच्यासारखा विचारणारा मालक असता तर. आणि कुठे पाठवणार ते बोलाच, मुलुंडवाले आत्तापासून मोर्चे काढतायत आम्ही नको म्हणून, माझी सगळी धुण्याभांड्याची कामं माहीम आणि सायनला, मुलुंडहून सकाळी सातला माहीमला कशी पोचू?

लेबरकॅम्पवाला:
ताई माझी सही उद्याच देतो त्याला, मला काही नुकसान नाही ना पण? आणि १० वर्षांनंतर मेंटेनन्स कोण भरणार, लिफ्टची बिल्डिंग आहे शेवटी.

नकाशेवाला:
नुकसान नाही, तुमची पात्रता तुमच्या कागदावर, त्याची त्याच्या. मेंटेनन्ससाठी प्रत्येक सोसायटीला १० टक्के कमर्शियल जागा भाड्याने द्यायला मिळणार असं सांगतायत. ती जागा मेन रोडला तोंड करून आहे की मागच्या जिन्याखाली, हे नकाशा आला की आधी बघा. मागे असेल तर कोण भाडं देणार तिचं.