सगळं बंद असूनही रात्री एनर्जी मॉनिटर २१० वॅट दाखवतो, शोध कुठून सुरू करायचा?

शून्य_लोड

डीबीमध्ये (घरातल्या वीज वितरणाच्या बोर्डात) मेन स्विचनंतरच्या फेजवर सीटी क्लॅम्प, म्हणजे वायरभोवती बसून करंट मोजणारा सेन्सर, लावून वायफाय एनर्जी मॉनिटर बसवला आहे. कनेक्शन सिंगल फेज, सीटी १०० अँपिअरचा. मॉनिटर फक्त करंट मोजतो. व्होल्टेजच्या जागी सेटिंगमध्ये २३० भरलेलं आहे. तीन गोष्टी कळत नाहीत.

मध्यरात्रीनंतर दिवे, पंखे, टीव्ही बंद असतात. फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबलेला असतानाही आकडा २१० वॅटच्या खाली येत नाही. दुसरं, मॉनिटरची महिन्याची युनिटं वीज मीटरपेक्षा १२ टक्क्यांच्या आसपास जास्त भरतात. तिसरं, अॅपमध्ये उपकरणं आपोआप ओळखण्याची सोय आहे, पण निम्म्याहून जास्त वापर 'इतर' मध्ये जातो.

घरात दोन इन्व्हर्टर एसी, स्टोरेज गीझर, फ्रिज, राउटर, सेट-टॉप बॉक्स, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर आणि बॅटरी बॅकअपचा इन्व्हर्टर आहे. वापर खरोखर कमी करायचा आहे, पण कुठल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा तेच ठरत नाही.

---

वॉटतास

आधी मॉनिटरचा आकडा तपासा, उपकरणांमागे नंतर लागा. तुमचे २१० हे बहुधा वॅट नाहीत, व्होल्ट-अँपिअर आहेत. व्होल्टेज न मोजणारा मॉनिटर करंटला २३० ने गुणतो आणि उत्तराला वॅट म्हणतो. पॉवर फॅक्टर, म्हणजे व्होल्ट-अँपिअरपैकी खरे वॅट किती ते गुणोत्तर, त्याला दिसतच नाही. राउटर, रेकॉर्डर, चार्जर यांच्या छोट्या पॉवर सप्लायचा पॉवर फॅक्टर ०.५ ते ०.६ असणं अगदी नेहमीचं. म्हणजे २१० दिसत असताना खरा वापर १०५ ते १२५ वॅट असू शकतो. मीटर युनिटं मोजतो ती खऱ्या वॅटची.

हे मीटरवरच पडताळता येतं. मीटरच्या तोंडावर लुकलुकणारा एलईडी असतो आणि शेजारी दर युनिटला किती पल्स ते छापलेलं असतं, उदाहरणार्थ ३२००. मग सूत्र सोपं:

वॅट = ३६,००,००० ÷ (पल्स प्रति युनिट × दोन पल्समधले सेकंद)

३२०० च्या मीटरला हे ११२५ भागिले सेकंद होतं. दोन पल्समध्ये ९ सेकंद गेले तर १२५ वॅट. एका पल्सवर थांबू नका. पहिली लुकलुक 'शून्य' धरून पुढच्या दहा मोजा आणि एकूण वेळेला दहाने भागा. 'एक' म्हणून सुरुवात केली की नऊच अंतरं मोजली जातात आणि उत्तर चुकतं.

आता १२ टक्क्यांचं. त्यात दोन कारणं मिसळलेली असू शकतात. पहिलं पॉवर फॅक्टरचं, जे रात्रीच्या हलक्या लोडवर जास्त दिसतं. दुसरं प्रत्यक्ष व्होल्टेजचं. २३० व्होल्टला २००० वॅट घेणारा गीझर २१५ व्होल्टवर सुमारे १७५० वॅटच घेतो, पण २३० ने गुणणारा मॉनिटर १८७० दाखवतो. इथे पॉवर फॅक्टर १ असूनही ७ टक्के फरक पडला.

म्हणून महिन्याचा हिशेब जुळावा यासाठी कॅलिब्रेशनचा गुणक (मॉनिटर आपल्या वाचनाला ज्याने गुणतो तो सेटिंगमधला आकडा) १२ टक्क्यांनी खाली ओढू नका. बेरीज जुळेल, पण गीझर कमी दिसेल आणि रात्रीचा लोड तरीही फुगलेलाच राहील. कुठे किती जातं, हे कळावं म्हणून तर मॉनिटर लावला, आणि तीच माहिती त्यामुळे बिघडते.

---

फेज_न्यूट्रल

वरच्या उत्तराशी सहमत. त्यात सीटीची भर घालतो.

१०० अँपिअरच्या सीटीला रात्री ०.९ अँपिअर मोजायला लावणं म्हणजे क्षमतेच्या एक टक्क्याहून कमी. बहुतेक स्प्लिट कोअर (उघडून वायरवर बसवायच्या) सीटींची चूक तिथेच सर्वांत जास्त असते. पुढच्या गोष्टी बघून घ्या:

- जबडा पूर्ण मिटलाय का. दोन पृष्ठभागांमध्ये धूळ किंवा वायरचं इन्सुलेशन अडकलं तर आकडा कमी येतो आणि फेजचा कोनही सरकतो.
- क्लॅम्पमध्ये फक्त फेजची वायर आहे का. फेज आणि न्यूट्रल दोन्ही आत असतील तर दोन्हींची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना मारतात आणि आकडा शून्याजवळ येतो. याच कारणाने उपकरणाच्या अखंड दोन-तीन तारांच्या केबलवर क्लॅम्प चालत नाही.
- व्होल्टेजही मोजणाऱ्या मॉनिटरवर बाणाची दिशा उलटी असेल तर वॅट उणे येतात किंवा शून्य दिसतात.

थ्री फेजवाल्यांसाठी (तीन फेजची नावं आर, वाय, बी): आर फेजचा सीटी वाय फेजच्या व्होल्टेजशी जोडला गेला तर १२० अंशांचा फरक पडतो, आणि शुद्ध हीटर चालू असतानाही मॉनिटर उणे आणि निम्मे वॅट दाखवतो. असा आकडा दिसला की सीटी फिरवू नका, जोडी तपासा. उलटा फिरवला की उणे चिन्ह जातं, पण आकडा निम्माच राहतो आणि चूक झाकली जाते.

कमी लोडच्या सर्किटसाठी एक उपयोगी युक्ती: वायर लांब असेल तर ती सीटीमधून पाच वेळा गुंडाळा आणि वाचन पाचने भागा. सीटीला पाचपट करंट दिसतो, चूक कमी होते. हे मेनच्या जाड वायरवर जमणार नाही, फ्रिजच्या सर्किटवर जमेल.

सुरक्षेबद्दल स्पष्ट सांगतो. मेन स्विच बंद केला तरी त्याच्या आधीच्या वायरी जिवंतच असतात. डीबीचं झाकण उघडून करायचं काम वायरमनकडूनच करून घ्या. मीटरच्या सीलला हात लावू नका, सीटी मीटरनंतरच बसवायचा. आणि करंट आउटपुटचा सीटी, म्हणजे ज्याच्या आत बर्डन रेझिस्टर (करंटचं छोट्या व्होल्टेजमध्ये रूपांतर करणारा रोध) नाही असा, वायरवर असताना त्याची दोन टोकं मोकळी सोडू नका. टोकांवर घातक व्होल्टेज तयार होऊ शकतं. आधी मॉनिटरला जोडा, मग वायरवर लावा. काढताना उलट क्रम.

---

स्टँडबाय_शोध

रात्रीचा लोड शोधायचा तर एकेक प्लग उपटत फिरू नका, डीबीपासून सुरुवात करा.

रेकॉर्डर आणि कॉम्प्युटर नीट शटडाउन करा, नाहीतर हार्ड डिस्कला त्रास. फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबलेला असताना एकेक एमसीबी (डीबीतला त्या-त्या सर्किटचा स्विच) खाली करा आणि दर वेळी मॉनिटर ताजा होईपर्यंत थांबा. काही मॉनिटर दर सेकंदाला आकडा देतात, काही मिनिटाने एकदा. घाई केली तर एका सर्किटचा लोड दुसऱ्याच्या नावावर लिहिला जातो. खाली केलेला एमसीबी तसाच राहू द्या आणि पुढच्याकडे जा. मध्येच परत चालू केला तर उपकरणं सुरू होताना जास्त वीज घेतात आणि पुढची वजाबाकी बिघडते. सगळे खाली गेल्यावरही काही उरलं, तर ती मॉनिटरची स्वतःची चूक. तेवढी प्रत्येक आकड्यात गृहीत धरा. शेवटी फ्रिज चालू करण्याआधी चार-पाच मिनिटं थांबा, कॉम्प्रेसरमधला दाब समान व्हायला तेवढा वेळ लागतो.

सर्किट सापडलं की मग प्लगमध्ये लावायचं वॉटमीटर घ्या, तेही 'वॅट' आणि 'व्हीए' (व्होल्ट-अँपिअर) वेगळे दाखवणारं. साधारण अपेक्षा अशी ठेवा: राउटर ५ ते १२ वॅट, सेट-टॉप बॉक्स रिमोटने 'बंद' असताना ८ ते २०, हार्ड डिस्कचा रेकॉर्डर १० ते २०, प्रत्येक कॅमेरा ३ ते ६. वॉटमीटरवर लिहिलेल्या अँपिअरपेक्षा मोठं उपकरण त्यावर लावू नका; गीझर आणि एसीसाठी ही छोटी मीटरं नसतात.

सतत चालणारा एक वॅट वर्षाला ८.७६ युनिटं खातो. १३० वॅट सतत म्हणजे जवळजवळ ११४० युनिटं. त्यामुळे तासभर चालणाऱ्या मिक्सर-इस्त्रीपेक्षा आधी इथे लक्ष द्या.

माझा पहिला संशय मात्र बॅकअपच्या इन्व्हर्टरवर आहे. त्याच्या इनपुटवर वॉटमीटर लावा. वॉटमीटरची क्षमता इन्व्हर्टरमागच्या एकूण लोडला पुरते ना, ते आधी बघा. मग त्यावरचे सगळे पंखे-दिवे बंद करून बॅटरी पूर्ण भरलेली असताना आकडा वाचा. पूर्ण भरून काही तास झाल्यावरही बरेच वॅट जात असतील तर बॅटरी गरम लागते का, पाण्याची पातळी किती, तिचं वय किती, ते पाहा. म्हाताऱ्या लेड-अॅसिड बॅटरीचा फ्लोट करंट (पूर्ण भरल्यावरही भरलेली ठेवायला लागणारा) वाढत जातो आणि ती वीज उष्णतेत जाते. नुकतीच वीज जाऊन आली असेल त्या रात्रीचं वाचन धरू नका. बॅटरीतून एक युनिट गेलं असेल तर भरायला सव्वा-दीड युनिट लागतं, आणि चार्जिंग पहाटेपर्यंत चालू शकतं.

---

वॉटतास

'इतर' चा प्रश्न राहिला. आपोआप ओळख वॅटच्या पायरीवर चालते. गीझर चालू झाला की २००० ची सरळ उडी, ती कुठलंही अॅप पकडतं. इन्व्हर्टर एसी मात्र हळूहळू चढतो-उतरतो, पायरी दिसतच नाही. ५० वॅटच्या आतली उपकरणं बाकीच्या चढउतारात बुडतात. अॅपला शिकवत बसण्यापेक्षा दोन्ही एसी, गीझर आणि फ्रिज यांच्या सर्किटवर वेगळे सीटी लावा. उरलेलं वजाबाकीने मिळतं.

मग काय बघायचं:

गीझर. १५ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला ०.४४ युनिट लागतं, ते टळत नाही. टळतं ते साठवणीतलं. कोणी पाणी वापरत नसताना काही तासांनी दोन-पाच मिनिटांची २००० वॅटची उडी दिसत असेल तर टाकी थंड होऊन पुन्हा तापते आहे. टायमर लावा. थर्मोस्टॅट फार खाली मात्र आणू नका. कोमट साठवलेल्या पाण्यात लेजिओनेलासारखे जिवाणू वाढतात, साठवण ६० अंशांच्या आसपास हवी.

फ्रिज. तात्पुरते वॅट बघून काही कळत नाही, किमान दोन-तीन दिवसांची युनिटं घ्या. फ्रॉस्ट-फ्रीमध्ये मधूनच हीटरची उडी येते, ती डीफ्रॉस्टची, दोष नव्हे. कॉम्प्रेसर जवळजवळ थांबतच नसेल तर दाराची गॅस्केट, मागची धूळ आणि भिंतीपासूनचं अंतर बघा. आतलं तापमान ३ ते ४ अंश, फ्रीझर उणे १८. त्याहून थंड ठेवणं वाया.

एसी. सेटिंग एका अंशाने वाढवून फरक बघायचा तर बाहेरचं तापमान सारखं असलेले दिवस निवडा. नाहीतर हवामानाचा फरक तुम्ही सेटिंगच्या नावावर लिहाल. तुलना रोजच्या युनिटांची करा.

---

शून्य_लोड

पल्स मोजून पाहिले, खरा आकडा १३० वॅटच्या जवळ येतो. व्होल्टेज मोजणारं पीझेम-००४टी मॉड्यूल लावायचा विचार आहे. सध्याचा सीटी त्यावर चालेल का?

---

फेज_न्यूट्रल

नाही, मॉड्यूलसोबत येतो तोच वापरा. कॅलिब्रेशन त्याच्याशी जुळवलेलं असतं. दुसऱ्या गुणोत्तराचा सीटी लावला तर सगळे आकडे त्या प्रमाणात चुकतात. हे मॉड्यूल ८० ते २६० व्होल्टवर चालतं आणि वॅट, पॉवर फॅक्टर, युनिटं वेगवेगळी देतं.

जोडताना: फेज-न्यूट्रल त्याच डीबीतून छोट्या वेगळ्या एमसीबीमागून घ्या. मोजणीची बाजू थेट मेनवर असते, म्हणून मॉड्यूल बंद डब्यातच हवं. सीरियलची, म्हणजे वाचन बाहेर पाठवणारी, बाजू ऑप्टोकपलरने (प्रकाशाने सिग्नल पलीकडे नेणाऱ्या भागाने) वेगळी केलेली आहे आणि तिला ५ व्होल्ट लागतात. ईएसपी३२ (वायफाय असलेला छोटा कंट्रोलर बोर्ड) च्या ३.३ व्होल्टवर काही वेळा उत्तरच येत नाही, तेव्हा वायरिंगमागे लागण्याआधी हा व्होल्टेजचा मुद्दा तपासा. सीरियलचा वेग ९६०० बॉड.

होम असिस्टंट (घरातल्या उपकरणांची वाचनं एकत्र दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर त्यात युनिटं मॉड्यूलच्या स्वतःच्या काउंटरवरून घ्या, वॅटची बेरीज करून नको. वायफाय तुटलं की बेरजेत भोक पडतं, काउंटर मोजतच राहतो. आणि वाचनाचा काळ ६० सेकंद असेल तर तो १० वर आणा, नाहीतर गीझरच्या दोन मिनिटांच्या उड्यांचा आकार आलेखात नीट दिसणार नाही.