बोटीचं इंजिन मिसिंग मारतंय (सोसायटी ग्रुप, सांगली)

*शनिवार*

*सेक्रेटरी, बी-२०४ (सकाळी ८.१०):* नमस्कार मंडळी. पावसाळा तोंडावर आलाय म्हणून आपल्या बोटीचं ओबीएम (मागं लावायचं इंजिन) आज घाटावर चालवून बघितलं. जुनं टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, २५ एचपी, दोघांना मिळून एकच कार्बुरेटर. दोरी पाच-सहा वेळा ओढल्यावर सुरू झालं, पण स्लोला हादरतंय, फट-फट करतंय, धूरही जास्त. थ्रॉटल उघडलं तर पिकअप नाही. इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची धार मागून व्यवस्थित पडतेय. सीडीआय (प्लगच्या ठिणगीसाठी करंट सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) गेलाय, नवीन घ्या, असा सल्ला मिळालाय. खर्च मोठा आहे. जाणकारांनी सांगावं. आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी ४० फुटांवर, म्हणजे इशारा पातळीवर, गेल्यावर इंजिन खोलत बसायला लागू नये.

*अण्णा, ए-४०२ (८.२२):* सीडीआय आत्ता घेऊ नका. इलेक्ट्रिकचा पार्ट एकदा बसवला की दुकानदार परत घेत नाही. आधी एवढंच शोधायचं, मिसिंग, म्हणजे मधेच न पेटणं, एका सिलिंडरचं आहे का दोन्हीचं? आपल्याकडं कार्बुरेटर एक आहे. पेट्रोलमध्ये घोटाळा असेल तर दोन्ही सिलिंडर आजारी पडतील. एकच मेलं असेल तर कार्बुरेटरला हात लावायचं कारण नाही. मग प्लग, त्याच्यावरची कॅप, वायर, ठिणगीची कॉइल, नाहीतर कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. पाना हातात घ्यायच्या आधी निम्मं काम इथंच होतं.

*दादा, सी-१०३ (८.३०):* दोन्ही प्लग काढून फोटो टाका. कुठला वरचा, कुठला खालचा ते खडूनं लिहा. २१ चा प्लग पाना लागेल.

*सेक्रेटरी, बी-२०४ (९.०५):* 📷 वरचा कॉफीच्या रंगाचा, कोरडा. खालचा काळा आणि पेट्रोलनं ओला.

*अण्णा, ए-४०२ (९.११):* म्हणजे पेट्रोल खालच्यातही पोचतंय, जळत नाही. धूर त्याचाच. पांढराफटक प्लग निघाला असता तर मी जास्त घाबरलो असतो. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच आत जातं, पेट्रोल कमी पडलं की वंगणही कमी पडतं आणि पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही. प्लगच्या टोकावर करडे चकचकीत ठिपके आहेत का बघा. असतील तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे, इंजिन पुन्हा सुरू करायचं नाही. आणि एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ किंवा गंजलेला दिसला तर हेड गॅस्केटमधून पाणी आत येतंय.

*सेक्रेटरी, बी-२०४ (९.१४):* ठिपके नाहीत. गंज नाही.

*अण्णा, ए-४०२ (९.१६):* बरं. आता वरचा प्लग खाली, खालचा वर. नुसती अदलाबदल, नवीन काही नाही. मिसिंग प्लगच्या मागं वर गेलं तर प्लग खराब. खालीच राहिलं तर प्लग निर्दोष.

*ताई, डी-३०१ (९.२०):* एक विनंती. काल पार्किंगमध्ये खांबाच्या मागं पेट्रोलचा कॅन दिसला. कृपया तो तिथं ठेवू नका, वर मीटर बोर्ड आहे. आणि इंजिन पार्किंगमध्ये सुरू करू नका, धूर लिफ्टच्या डक्टमधून वर चढतो. गेटबाहेर मोकळ्यावर करा.

*सेक्रेटरी, बी-२०४ (९.२४):* बरोबर आहे ताई. कॅन आत्ताच बाहेर शेडमध्ये हलवला. गेटबाहेर २०० लिटरचं बॅरल ठेवतोय.

*दादा, सी-१०३ (९.३१):* बॅरलमध्ये पाणी पंख्याच्या (प्रोपेलर) वरच्या आडव्या प्लेटच्याही वर पाहिजे. कोरडं इंजिन काही सेकंदसुद्धा चालवू नका, वॉटर पंपाचा रबरी इम्पेलर लगेच जळतो. पंखा काढून ठेवा, बॅरलमध्ये पाणी उसळत नाही आणि कुणाची बोटंही जात नाहीत. स्टॉप स्विचची लाल दोरी (निघाली की इंजिन बंद) मनगटाला.

*बी-५०१ (९.४०):* चालू इंजिनची एकेक कॅप ओढून बघितली तर कुठला सिलिंडर मेलाय ते लगेच कळतं ना? गाडीला करतात तसं.

*अण्णा, ए-४०२ (९.४६):* कल्पना बरोबर, पद्धत नको. एक तर शॉक जोरात बसतो. दुसरं, सीडीआयवाल्या इंजिनमध्ये कॅप हवेत लोंबकळत राहिली तर करंटला जायला जागा नसते, तो कॉइलच्या आतच वाट फोडतो. चांगली कॉइल अशी मरते. इंजिन बंद करा, एक कॅप काढून स्पार्क टेस्टरला लावा, टेस्टरची क्लिप ब्लॉकला, मग सुरू करा. वरची काढल्यावर इंजिन बंद पडलं आणि खालची काढल्यावर काहीच फरक पडला नाही, तर खालचा मेलाय. टेस्टर शंभर फुटी रोडवर मिळेल, दोन टोकांमधलं अंतर फिरवून बदलता येतं तसलाच घ्या.

*सेक्रेटरी, बी-२०४ (११.५०):* प्लग बदलून बघितले, मिसिंग खालीच. टेस्टरनं बघितलं, खालची कॅप काढली तरी इंजिन होतं तसंच चालतंय.

*अण्णा, ए-४०२ (११.५४):* एकाच सिलिंडरचं आहे, नक्की झालं. आता कम्प्रेशन. ते पडलं असेल तर ठिणगीच्या मागं लागण्यात अर्थ नाही. दोन्ही प्लग बाहेर, लाल दोरी काढलेली, कॅप ब्लॉकला अर्थिंग केलेल्या, थ्रॉटल उघडेल तेवढं उघडं. गेज लावून सहा ओढे, काटा चढायचा थांबेपर्यंत. आकडा किती त्यापेक्षा दोघांतला फरक महत्त्वाचा. १० टक्क्यांच्या आत हवा.

*सेक्रेटरी, बी-२०४ (१२.१५):* वर ११२, खाली १०८ पीएसआय.

*अण्णा, ए-४०२ (१२.१७):* उत्तम. रिंगा, हेड गॅस्केट बाजूला. राहिली ठिणगी.

*बी-५०१ (१२.२५):* ठिणगी मी बघतो. टेस्टरची गॅप १० मिमी ठेवू का?

*दादा, सी-१०३ (१२.३१):* हो. सीडीआयला साधारण १०-११ मिमी उडी मारता आली पाहिजे, निळी आणि कडक, चट् आवाजाची. पिवळी, बारीक ठिणगी उघड्या हवेत दिसते आणि सिलिंडरमध्ये विझते. दाबाखाली उडी मारायला व्होल्टेज जास्त लागतं. म्हणून नुसता प्लग ब्लॉकला टेकवून "ठिणगी आहे की" म्हणू नका. लाल दोरी परत लावा, नाहीतर ठिणगी येणारच नाही. प्लगच्या भोकांवर फडकं कोंबा, ओढताना पेट्रोलची वाफ बाहेर येते, टेस्टर त्यापासून हातभर लांब.

*बी-५०१ (१.१०):* वर १० मिमीला कडक निळी. खाली ५ मिमीच्या पुढं नाहीच, तीही पिवळी.

*अण्णा, ए-४०२ (१.१४):* सापडत आलं. वरची ठिणगी कडक आहे म्हणजे फ्लायव्हीलखालची चार्ज कॉइल काम करतेय, स्टॉप स्विचही कुठं अर्थ होत नाही. तो घोटाळा दोन्हीकडं दिसला असता. आता खालची प्लग कॅप उलटी फिरवून काढा. ती वायरवर स्क्रूसारखी बसलेली असते, ओढायची नाही. आत बघा.

*बी-५०१ (१.३०):* 📷 आत हिरवं. तांब्याची टोकं हाताला लागली की गळतायत. मल्टिमीटरवर वरची कॅप ५.१ किलो-ओहम, खालची ३८.

*अण्णा, ए-४०२ (१.३४):* हाच चोर. कॅपमध्ये ५ किलो-ओहमचा रेझिस्टर असतो, ३८ दाखवते म्हणजे तो गेला. कव्हरचं रबर जुनं झालं की पाणी आत उतरतं आणि खालच्या कॅपवर साठतं. म्हणून खालचीच आधी जाते. दोन्ही कॅप नवीन घ्या, ५ किलो-ओहमच्या, जाडी आपल्या वायरला बसेल अशी. वायरचं टोक ६ मिमी कापा, आत लाल चकचकीत तांबं दिसलं पाहिजे. काळं-हिरवं दिसलं तर अजून ६ मिमी. कापायच्या आधी वायर प्लगपर्यंत पुरेल का ते मोजा, कॉइलमधून ती निघत नाही. तोंडाला डायइलेक्ट्रिक ग्रीस (पाणी अडवणारं), थोडंसंच.

*दादा, सी-१०३ (१.४०):* प्लगही दोन नवीन टाका. इंजिनच्या पुस्तकात बी७एचएस नंबर असेल तर तोच, गॅप फीलर गेजनं पुस्तकातल्या आकड्याला. नंबराच्या शेवटी -१० असेल तर तो १ मिमी गॅपचा असतो, चुकून तो घेऊ नका. नवीन प्लग हातानं टेकेपर्यंत, मग पान्यानं अर्धा फेरा. जास्त आवळला तर हेडचे आटे जातात, ॲल्युमिनियम आहे.

*सेक्रेटरी, बी-२०४ (५.४५):* कॅप-प्लग बदलले. तिसऱ्या ओढ्याला सुरू, स्लोला एकदम गुळगुळीत, धूर गेला. 🙏 उद्या सकाळी नदीत.

*अण्णा, ए-४०२ (५.५२):* बॅरलमध्ये चाललं म्हणून सर्टिफिकेट देऊ नका. तिथं लोड नाही. उद्या पंखा लावून चौघे बसवा, सगळ्यांना लाइफ जॅकेट, आणि १० मिनिटं फुल थ्रॉटल.

*रविवार*

*सेक्रेटरी, बी-२०४ (सकाळी ७.५०):* अण्णा, तुमचं खरं झालं. तीन-चार मिनिटं मस्त पळालं, मग आवाज पातळ झाला, दम सोडला, बंद. जरा थांबून परत सुरू होतंय, परत तेच.

*अण्णा, ए-४०२ (७.५५):* कालचं दुखणं नाही हे, दुसरंच आहे. आता दोन्ही सिलिंडर एकदम उपाशी मरतायत. दम सोडताना कुणीतरी पेट्रोलचा रबरी बल्ब दाबत राहा. उचल घेतली तर पेट्रोल पुरत नाही. त्याआधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का बघा. बंद असेल तर टाकीत निर्वात होतो आणि अगदी असंच होतं.

*सेक्रेटरी, बी-२०४ (८.१५):* स्क्रू उघडा आहे. बल्ब दाबला की जोर येतो. बल्ब कडक होत नाही, मऊच राहतोय.

*दादा, सी-१०३ (८.२०):* मग हवा घुसतेय. बल्बवरचा बाण इंजिनकडं आणि वरच्या दिशेला धरून दाबा, चांगला असेल तर दगडासारखा झाला पाहिजे. बल्ब आणि इंजिनच्या मधे हातभर पारदर्शक पेट्रोल पाइप लावा. बुडबुडे धावताना दिसले तर गळती टाकीकडच्या बाजूला आहे. टाकीचं कनेक्टर काढून आतली ओ-रिंग बघा. पेट्रोल बाहेर ठिबकत नाही म्हणून गळती नाही असं समजू नका. ओढणाऱ्या बाजूला हवा आत जाते, थेंब दिसत नाही.

*बी-५०१ (९.४०):* बुडबुडे आहेत. टाकीच्या कनेक्टरची ओ-रिंग चपटी आणि चिरलेली. पाइपही आतून चिकट झालाय.

*अण्णा, ए-४०२ (९.४६):* हल्ली पंपावर ई-२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळतं. जुन्या इंजिनचं रबर त्यासाठी बनवलेलं नाही, फुगतं, चिकट होतं. सगळा पाइप, बल्ब आणि दोन्ही ओ-रिंगा इथेनॉल चालणाऱ्या घ्या. फ्युएल पंपाचा डायफ्रामही तसाच झाला असणार, किट येतं, त्यात गॅस्केटसकट सगळं असतं. पंप उघडताना प्रत्येक थराचा फोटो काढा. डायफ्राम उलटा बसला तर पंप उचलत नाही.

*ताई, डी-३०१ (९.५५):* टाकीतलं पेट्रोल गेल्या गणपतीपासूनचं आहे ना? तेच वापरायचं का?

*अण्णा, ए-४०२ (१०.०२):* नाही ताई, बरं झालं विचारलंत. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, प्रमाणाबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतात, आणि पाइप तळातूनच उचलतो. काचेच्या बरणीत थोडं काढून रात्रभर ठेवलं तर दोन थर दिसतील. सगळं काढा, गटारात नको, गॅरेजवाल्याला द्या. कार्बुरेटरच्या बाउलचा (पेट्रोल साठणारी वाटी) खालचा स्क्रू सोडून तेही बशीत काढा, गाळ असला तर दिसेल. जेटमध्ये (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) तार घालू नका, भोक मोठं होतं. कार्ब क्लीनर आणि हवा पुरे. नवीन मिश्रण ५०:१, लिटरला २० मिली. २४ लिटरच्या टाकीला ४८० मिली. ऑइल टीसी-डब्ल्यू३ (बोटीच्या टू-स्ट्रोक इंजिनचं) लिहिलेलंच घ्या. स्कूटरचं टू-टी नको, त्याची राख प्लगवर बसते आणि मिसिंग परत येतं. आधी ऑइल आणि थोडं पेट्रोल, हलवून, मग उरलेलं पेट्रोल.

*बी-५०१ (१०.१०):* काम झाल्यावर पाइप काढून इंजिन आपोआप बंद होईपर्यंत चालवायचं ना?

*अण्णा, ए-४०२ (१०.१५):* बरेच जण तसं करतात, मला पटत नाही. शेवटचा अर्धा मिनिट ते कमी पेट्रोलवर म्हणजे कमी ऑइलवर फिरतं. इंजिन बंद करून बाउलचा स्क्रू सोडून रिकामं करा, दोन मिनिटांचं काम आहे.

*दादा, सी-१०३ (१०.२०):* इम्पेलरही याच फेरीत बदला. पुराचं पाणी गढूळ असतं, वाळूनं पात्या झिजतात, आणि जलपर्णी जाळीत अडकली की धार बारीक होते. बोटीत सुटे ठेवायचं: दोन प्लग, एक कॅप, पंख्याची शिअर पिन किंवा कॉटर पिन, ओ-रिंगा, २१ चा पाना, पक्कड. झिप पिशवीत, कव्हरच्या आत नाही, बोटीत बांधून.

*ताई, डी-३०१ (१०.३१):* ऑगस्ट २०१९ च्या पुरात ब्रह्मनाळला जास्त माणसं बसलेली बोट उलटली, ते आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही. इंजिन दुरुस्त झालं तरी बोटीवर लिहिलेल्या क्षमतेपेक्षा एक माणूस जास्त बसवायचा नाही, हे आजच लिहून ठेवा. वल्ही आणि ३० मीटर दोरी कायम बोटीत.

*सेक्रेटरी, बी-२०४ (१०.४०):* लिहिलं. पाइप, बल्ब, ओ-रिंगा, पंप किट, इम्पेलर आणि टीसी-डब्ल्यू३ आज दुपारी आणतो. सीडीआयची चौकशी रद्द केली. पुढच्या रविवारी सकाळी ७ ला घाटावर चौघे बसवून १५ मिनिटं फुल थ्रॉटल. बी-५०१, स्पार्क टेस्टर आणि मल्टिमीटर बरोबर घ्या.