रॅडिकल कॅटायन डील्स-आल्डर: मॅजिक ब्लू इतकं कमी टाकून भागतं कसं?

प्रज्ञा_नाशिकरोड:
नमस्कार, मी इथे नाशिकलाच एमएस्सी ऑरगॅनिक करतेय, पुढच्या आठवड्यात सेमिनार आहे. डील्स-आल्डरवर (दोन डबल बाँडवाला डाइन दुसऱ्या डबल बाँडशी जुळून सहा कार्बनची रिंग बनते ती रिॲक्शन) बॉल्ड यांच्या ग्रुपचं 1981 चं काम वाचलं. 1,3-सायक्लोहेक्झाडाइनचा डायमर (दोन रेणूंची जोडी) नुसता तापवून करायचा तर 200 डिग्रीला 20 तास, यील्ड 30 टक्के, आणि तेच मॅजिक ब्लू (इलेक्ट्रॉन ओढणारं एक अमिनियम मीठ) थोडंसं टाकलं की 0 डिग्रीला 15 मिनिटांत 70 टक्के!! एवढा फरक का पडतो? आणि मॅजिक ब्लू इलेक्ट्रॉन ओढून घेतं म्हणजे ते संपायला पाहिजे ना, मग 5-10 मोल टक्क्यांत (दर 100 रेणूंमागे 5-10) काम कसं होतं?

सातपूर_केमिस्ट:
प्रज्ञाताई, आधी फरकाचं बघा. दोन्ही रेणू इलेक्ट्रॉनने भरलेले, म्हणून एकमेकांत फारसा रस नाही. एकाच्या होमोमधून (इलेक्ट्रॉन असलेल्या सगळ्यात वरच्या ऑर्बिटलमधून) एक इलेक्ट्रॉन काढला की तो रॅडिकल कॅटायन होतो (एक सुटा इलेक्ट्रॉन आणि धन भार), एकदम इलेक्ट्रॉनसाठी भुकेला होतो आणि दुसरा डाइन त्याच्यावर लगेच धावतो, अडथळा खूपच खाली येतो.
आता खरा मुद्दा. जोडणी झाल्यावर जे तयार होतं तेही रॅडिकल कॅटायनच असतं, आणि ते पुढच्या रेणूकडून इलेक्ट्रॉन ओढून स्वतः न्यूट्रल होतं. एकाची उसनवारी दुसऱ्याकडून घेऊन फेडायची, तसं. मॅजिक ब्लू फक्त साखळी सुरू करतं. पण ही साखळी चालायला प्रॉडक्टचं ऑक्सिडेशन सुरुवातीच्या रेणूपेक्षा अवघड असावं लागतं, हे सेमिनारमध्ये नक्की सांगा, बरेच जण गाळतात. अनेथोल घ्या (बडीशेपेच्या तेलातलं), त्यात डबल बाँड मेथॉक्सीवाल्या रिंगला जोडलेला म्हणून इलेक्ट्रॉन सहज जातो, आयसोप्रीनशी (एक छोटा डाइन) जुळल्यावर तो डबल बाँडच रिंगजवळून गेला, उरली साधी अनिसोलसारखी रिंग, तिचं ऑक्सिडेशन बरंच अवघड, म्हणून तिचा रॅडिकल कॅटायन पुढच्या अनेथोलचा इलेक्ट्रॉन हमखास काढतो.

जुना_मास्तर:
वरचं बरोबर आहे, पण बाळ, एक प्रश्न परीक्षक विचारणारच. अमिनियम मिठातून (म्हणजे मॅजिक ब्लूतून) फ्लास्कमध्ये ॲसिडही तयार होऊ शकतं, मग रिॲक्शन इलेक्ट्रॉनमुळे झाली की प्रोटॉनमुळे? गॅसमन आणि सिंगलटन यांनी 1984 मध्ये नेमकं हेच तपासलं. 2,6-डाय-टर्ट-ब्युटिलपिरिडीन टाकून बघायचं, ते प्रोटॉन पकडतं पण अवजड असल्यामुळे बाकी कशात लुडबुड कमी करतं. शिवाय एक रन नुसत्या ॲसिडवर, प्रॉडक्ट तेच येतं का ते बघायला. हा कंट्रोल नसेल तर मी तरी मेकॅनिझम मान्य करत नाही.

प्रज्ञा_नाशिकरोड:
सर, दादा, खूप आभार, ॲसिडचं डोक्यातच नव्हतं!! आणि मॅजिक ब्लूऐवजी उजेडावर पण करतात ना?

सातपूर_केमिस्ट:
हो, यून यांच्या ग्रुपने 2011 मध्ये रुथेनियमच्या बायपायराझिन कॉम्प्लेक्सवर (प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन ओढणारं) दिसणाऱ्या प्रकाशात केलंय, अनेथोल आणि आयसोप्रीनच. तिथे हवा आत राहू द्यावी लागते, ऑक्सिजनची गरज असते, त्यामुळे सवयीने नायट्रोजन फिरवू नका.