साबण लावताच लाल झालेला हळदीचा डाग कसा काढावा?

प्रश्न : पुतण्याच्या हळदीच्या कार्यक्रमात यजमानांच्या पांढऱ्या सुती सदऱ्यावर तेलात कालवलेली हळद सांडली. घरी येताच मी डागावर कपड्याचा साबण चोळला, तर पिवळा डाग क्षणात लालभडक झाला. डाग कायमचा बसला असेल का? माझ्या रेशमी साडीच्या पदरावरही त्याच हळदीचे दोन शिंतोडे आहेत.

उत्तर १ : ताई, घाबरू नका, कापड खराब झालेले नाही. हळदीतील कर्क्युमिन हे रंगद्रव्य साबणासारख्या अल्कधर्मी पदार्थाच्या संपर्कात आले की लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात तेही याच गुणामुळे. लिंबाचा रस लावलात तर डाग पुन्हा पिवळा होईल, पण तेवढ्याने तो जाणार नाही. डागात तेल आहे, म्हणून आधी भांडी घासायच्या द्रव साबणाचे चार थेंब टाकून बोटांनी हलकेच चोळा आणि गार पाण्याने खळखळून घ्या. त्यानंतरचे खरे काम उन्हाचे आहे. कर्क्युमिन प्रकाशात विघटित होते, त्यामुळे डागाची बाजू वर ठेवून ओला सदरा कडक उन्हात वाळत घाला आणि डाग फिका होईपर्यंत दोन-तीन दिवस हेच करा. डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री मात्र फिरवू नका.

उत्तर २ : वरील उपाय सुती कापडापुरताच ठेवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. रेशीम हा प्रथिनांचा धागा असल्यामुळे अल्कधर्मी साबण आणि क्लोरीनयुक्त ब्लीच त्याला सोसत नाही, लिंबामुळे पदराचा रंग आणि जर बिघडण्याची भीती असते, आणि कडक उन्हात रेशमाचा रंग उडतो. साडी पाण्यातही न घालता ड्रायक्लीनिंगला द्या आणि डाग हळद व तेलाचा आहे हे तिथे आवर्जून सांगा.

उत्तर ३ : एक धोका सांगणे आवश्यक वाटते. लिंबू किंवा व्हिनेगर लावलेल्या कपड्यावर घाईघाईने ब्लीच ओतू नका, कारण क्लोरीनयुक्त ब्लीच आम्लात मिसळले की विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो, आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. उन्हानंतरही पांढऱ्या सुती कापडावर छटा उरलीच, तर औषधांच्या दुकानात मिळणारे ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड आधी आतल्या शिवणीवर लावून पाहावे, मग डागावर लावून काही मिनिटांनी धुऊन टाकावे.

प्रश्नकर्ती : सर्वांचे मनापासून आभार. दोन दिवसांच्या उन्हात सदऱ्यावरचा पिवळेपणा जवळजवळ गेला, मात्र गळपट्टीपाशी तेलाची कडा अजून दिसते, तिथे आज पुन्हा भांड्यांचा साबण लावते. साडी सकाळीच ड्रायक्लीनिंगला दिली आहे.