आफ्रिकेतल्या मलावीला दोन आठवडे सोलर बसवायला जायचंय. जावं का, आणि गेलो तर काय शिकून जावं?

अबर्डीनचा मिरजकर

नमस्कार मंडळी.

मी मूळचा मिरजेचा, गेली सात वर्षं स्कॉटलंडात अबर्डीनला आहे. काम समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या सबस्टेशनचं, त्यातही प्रोटेक्शन रिले, म्हणजे बिघाड झाला की वीज तोडणारी यंत्रणा. दिवसभर तोंडात १३२ केव्हीची, म्हणजे एक लाख बत्तीस हजार व्होल्टची भाषा, आणि मिरजेच्या घरी ट्यूबचा चोक बदलायचा झाला तर आई गल्लीतल्या वायरमनला हाक मारते. मी घरात बसलेला असलो तरी.

ऑफिसातल्या एका मित्राच्या चर्चची टीम जूनच्या शेवटी मलावीला निघालीय. स्कॉटलंड आणि मलावीचं नातं जुनं आहे. लिव्हिंगस्टन १८५९ मध्ये तिथल्या सरोवरापर्यंत पोचला होता, आणि ब्लँटायर हे तिथल्या मोठ्या शहराचं नावसुद्धा त्याच्या इथल्या जन्मगावावरून पडलंय. त्यामुळे इथल्या चर्चमधून कोणी ना कोणी तिकडे जात-येत असतंच. यंदा मुलांजे डोंगराच्या पायथ्याचं एक आरोग्य केंद्र ठरलंय: बाळंतपणाची खोली, ओपीडी, औषधांची खोली आणि नर्सचं घर. विजेची लाइन सहा किलोमीटरवर आहे, केंद्रापर्यंत आलेली नाही.

आठ जणांत विजेतलं कळणारा मी एकटा. बाकी एक सुतार, दोन शिक्षिका आणि उरलेले उत्साही. मी चर्चला जात नाही, तसा देवळातही जात नाही, पण त्यांनी मनापासून विचारलं म्हणून हो म्हणून बसलोय. कागदावर काढलेलं असं: ४०० वॉटची चार पॅनेलं, ५ युनिटची लिथियम बॅटरी, बारा-पंधरा एलईडी दिवे, मोबाइल चार्जिंग, लसींचा फ्रिज. जमलं तर ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढून रुग्णाला देणारं मशीन.

तिकीट साधारण नऊशे पौंड, ज्याचं त्याने भरायचं. आई फोनवर म्हणाली, "फुकट राबायला जायचं, वर भाडंही आपणच भरायचं?" मला हसू आलं, पण प्रश्न डोक्यातून जाईना. कोणी असं काम केलंय का?

उंटावरचा शहाणा

आईचं ऐका. आठ तिकिटं गुणिले नऊशे म्हणजे सात हजार दोनशे पौंड. तेवढ्यात तिथलेच दोन इलेक्ट्रिशियन वर्षभर राबतील. फोटो मात्र तुमचे येणार नाहीत, एवढाच फरक.

जुना लाइनमन

वरच्या उंटाचं निम्मं बरोबर आहे. उरलेलं निम्मं सांगतो. जरा लांबण लागेल, कारण मी त्याच मुलांजेच्या बाजूला तीन महिने काढलेत.

मी साताऱ्याकडचा. चौतीस वर्षं वीज खात्यात, हेल्परपासून सुरुवात, शेवटी ज्युनियर इंजिनिअर. लेक-जावई ब्लँटायरला असतात. २०१९ च्या मार्चमध्ये इडाई वादळाने तिकडचा दक्षिण भाग झोडपला, मी मेमध्ये पोचलो. जावयाच्या ओळखीतल्या एका टीमला दोन केंद्रांत सोलर बसवायचं होतं. घरात बसून नातवंडांना किती छळणार, म्हणून गेलो त्यांच्याबरोबर.

पहिल्या केंद्रात औषधांच्या खोलीचं दार उघडलं तर आत जुनं सोलर पडलेलं. सहा-सात वर्षांपूर्वी कुठल्याशा देशातून एक टीम येऊन बसवून गेली होती. बॅटऱ्यांची पोटं फुगलेली, टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी. एक पॅनेल खाली काढून त्यावर मक्याचं पीठ वाळत घातलं होतं. भिंतीवरची देणगीदारांची पितळी पाटी मात्र चकाचक. नर्स रोज पुसायची! सूचनांचा कागद डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलेला, पण ज्या भाषेत होता ती त्या जिल्ह्यात कोणाला वाचता येत नव्हती. बॅटऱ्या का मेल्या? नर्सच्या घरात टीव्ही आला, टीव्हीवर इंग्लंडातल्या फुटबॉलच्या मॅची आल्या, आणि सगळं गाव मोबाइल घेऊन रांगेला लागलं. लेड-ॲसिड बॅटरी रोज निम्म्याखाली उतरवली की दोन वर्षांत मान टाकते. चूक गावाची म्हणता येत नाही. घरात वीज आली तर माणूस मॅच बघणारच की.

आता माझी स्वतःची फजिती. पॅनेलचा सांगाडा बसवायला शिडीवर चढलो आणि सवयीने ओरडलो, "तोंड दक्षिणेला!" खाली एक पोरगा उभा होता. बाजारात रेडिओ आणि मोबाइल दुरुस्त करायचा, सायकलवर हत्यारांची पिशवी लावून आलेला. तो काही बोलला नाही. नुसता आपल्या सावलीकडे बोट दाखवून उभा राहिला. भर दुपारी सावली दक्षिणेला पडलेली! सोळा अंश दक्षिण अक्षांश, सूर्य उत्तरेला. चौतीस वर्षांच्या नोकरीचं शिडीवरच पाणी पाणी झालं. तुझं डिझाइन स्कॉटलंडात होणार आणि सांगाडा सुतार करणार. तेव्हा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेव: तोंड उत्तरेला, कल पंधरा ते वीस अंश.

त्या दिवसापासून हुकूम त्या पोराचा आणि हात माझे. लोक मला 'बाम्बो' म्हणायचे. चिचेवात, म्हणजे तिथल्या भाषेत, त्याचा अर्थ वडील, बुवा असा. मला पहिले दोन दिवस वाटलं उंचीवरून चिडवतायत.

आता तुझ्या कागदाबद्दल. चार पॅनेलं म्हणजे १६०० वॉट. उन्हाचे साडेचार तास आणि सगळी घट धरून रोजचे पाच-साडेपाच युनिट मिळतील. पण तू जातोयस तो तिकडचा थंडीचा मोसम. मुलांजेला त्या दिवसांत 'चिपेरोनी' म्हणून धुकं येतं, आपल्या महाबळेश्वरच्या पावसाळ्यासारखं, बारीक भुरभुर, दोन-तीन दिवस सूर्य नाही. तेव्हा तिसरा हिस्सा मिळाला तरी नशीब. आणि मिनिटाला पाच लिटर ऑक्सिजन देणारा कॉन्सन्ट्रेटर साधारण साडेतीनशे वॉट खातो. चोवीस तास चालला तर आठ युनिटच्या वर. म्हणजे पहिल्याच रात्री तुझी बॅटरी आडवी. त्याची पॅनेलं आणि बॅटरी वेगळी काढा, नाहीतर तो विषय सोडा. लसींचा फ्रिज बॅटरीवर टाकूच नका. थेट पॅनेलवर चालणारे फ्रिज मिळतात, ते आत बर्फ साठवून रात्र काढतात. त्यांची पॅनेलंही वेगळी आणि वायरही वेगळी, म्हणजे कोणी त्यावर टीव्ही लावू शकत नाही.

बॅटरी बरोबर नेता येणार नाही. प्रवासी विमानात १६० वॉट-अवरच्या वरची सुटी लिथियम बॅटरी चढू देत नाहीत, तुझी ५००० ची आहे. तिथेच घ्या. ब्लँटायरला, लिलाँग्वेच्या जुन्या बाजारात आपल्या गुजराती मंडळींची दुकानं आहेत, मी हिंदीत घासाघीस केली. तिथे घेतलेली वस्तू बिघडली तर बदलून घ्यायला दुकान असतं. प्लग-सॉकेट मात्र तुमच्याकडचेच चालतात. चौकोनी तीन पिनांचे, २३० व्होल्ट. १९६४ पर्यंत ब्रिटिशांचं राज्य होतं, त्याची खूण. आमच्या आधीच्या टीमने ११० व्होल्टचं सक्शन मशीन आणून लावलं होतं. त्याचा कोळसा नर्सने मला कपाटातून काढून दाखवला.

डीसी बाजूला, म्हणजे पॅनेल-बॅटरीच्या वायरवर, एसीचा एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) लावून वेळ मारून नेऊ नका. एसीचा प्रवाह सारखा शून्यावर येतो, तिथे ठिणगी विझते, डीसीची तशीच जळत राहते. मी एक वितळलेला डबा पाहिलाय. त्यात पालीचा सांगाडा होता.

आणि परवाना. तिथल्या ऊर्जा नियामकाच्या परवान्याशिवाय वायरिंग करायचं नसतं. तेव्हा परवानाधारक स्थानिक माणूस पहिल्या दिवसापासून, पगार देऊन, बरोबर ठेवा. तो पाहुणा नाही, तुम्ही पाहुणे.

खरं भांडण पॅनेलवरून होत नाही, किल्लीवरून होतं. बॅटरीच्या खोलीची किल्ली कोणाकडे? नर्स म्हणाली माझ्याकडे, केंद्राच्या समितीचा म्होरक्या म्हणाला माझ्याकडे, गावच्या मुखियाचा पुतण्या म्हणाला काकांकडे. आठ दिवस आम्ही वायर ओढत होतो आणि झाडाखाली यांची बैठक चाललेली. मी दोनदा चिडून मध्ये पडायला गेलो, पोराने हात धरून बसवलं. शेवटी दोन कुलपं लागली, एक नर्सचं, एक समितीचं, आणि बाहेर ओट्यावर मोबाइल चार्जिंगचा वेगळा बोर्ड. एका मोबाइलचे ठरलेले क्वाचा (तिथलं चलन), पैसे पत्र्याच्या डब्यात, नोंद वहीत. त्या डब्यावर पितळी पाटी नव्हती.

रातपाळी

डॉक्टर आहे. गडचिरोलीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चार वर्षं काढली. सोलरमधलं मला कळत नाही, बाळंतपणाच्या खोलीतलं कळतं.

दिवा खोलीच्या मधोमध लावू नका. सगळे तिथेच लावतात, कारण वायर तिथे सोपी जाते. मग नर्स टेबलाच्या पायथ्याशी उभी राहिली की तिचीच सावली जिथे बघायचं नेमकी तिथे पडते. आमच्याकडे नवीन दिवे आले, आणि टाके घालताना आशाताई मोबाइलचा टॉर्च धरून उभ्याच. दिवा नर्सच्या खांद्यामागून वर, शक्यतो हलवता येणारा. बटण कोपराने दाबता येईल असं, कारण हात रक्ताने भरलेले असतात. एक दिवा बाहेर, पायवाटेच्या तोंडाशी. रात्री कळा सुरू झालेली बाई चालत येते, तिला दार दिसू दे.

बाळाला ऊब देणारा वॉर्मर कोणी भेट देऊ केला तर नको म्हणा, पाचशे-सहाशे वॉट ओढतो. आईच्या छातीशी उघडं बाळ ठेवायचं, वरून पांघरूण. त्याला वीज लागत नाही. आणि हे सगळं ठरवायच्या आधी तिथल्या नर्सला रिकाम्या खोलीत उभं करून विचारा, रात्री तू कुठे उभी राहतेस?

अबर्डीनचा मिरजकर

काका, डॉक्टर, दोघांनाही दंडवत. कालच्या बैठकीत हे सगळं वाचून, भाषांतर करून सांगितलं. सावलीचा किस्सा ऐकून सुताराने लगेच वहीत उत्तर दिशेचा बाण काढला. कॉन्सन्ट्रेटर बाद. फ्रिज वेगळा.

उंटमहाशय, तुमचं गणितही मांडलं. थोडी चिडचिड झाली, मग दोघांनी आपणहून नाव मागे घेतलं आणि तिकिटाचे पैसे टीमकडेच राहू द्या म्हणाले. उरलेले सहा जणही जास्तच आहेत असं मला वाटतं, पण मी नवा माणूस, किती बोलू?

काका, दोन प्रश्न. तुमचं ते केंद्र आज चालू आहे का? आणि त्या अठराशे पौंडांचं काय करावं?

उंटावरचा शहाणा

मान गये. अठराशे पौंड त्या पत्र्याच्या डब्यात टाका.

जुना लाइनमन

डब्यात टाकू नका. बाहेरून एकदम मोठी रक्कम आली की लोक वही लिहायचं सोडतात. परवानाधारक माणसाला वर्षातून चार फेऱ्यांचा मोबदला ठरवा, तीन वर्षांचा, आणि तो फेरीनंतरच हातात द्या.

केंद्र चालू आहे. तो पोरगा दर महिन्याच्या एक तारखेला मला व्हॉट्सॲपवर मल्टिमीटरचा फोटो धाडतो, सकाळी सहाचं व्होल्टेज. २४ व्होल्टची लेड-ॲसिड जोडी होती आमची. २४.४ च्या खाली आकडा दिसला, म्हणजे बॅटरी जास्त उतरली, की मी लिहितो, "कोण मॅच बघतंय?" तो हसणारं तोंड धाडतो. २०२२ च्या जानेवारीत ॲना वादळाने शिरे नदीवरचं कपिचिरा वीज केंद्र फोडलं, जवळजवळ १३० मेगावॉट गेले, वर्षाहून जास्त काळ बंद. तेव्हा जावई ब्लँटायरला मेणबत्त्या लावून बसला होता आणि आमच्या केंद्रातले दिवे लागलेले. फोटो आहे माझ्याकडे, जावयाला अजून दाखवतो.

२०२३ मध्ये दोन्ही बॅटऱ्या बदलल्या. पैसे डब्यातलेच. थोडे कमी पडले तेव्हा समितीने कोंबड्या विकल्या. मला नंतर कळवलं, आधी नाही. मला जरा लागलंच ते. नंतर वाटलं, बरं झालं.

सामानाचं म्हणशील तर कपडे कमी घे. वायरच्या टोकाला लावायची तांब्याची थिंबलं दोनशे, ती दाबून बसवायला एक चांगला क्रिंपिंग पाना, वायर न तोडता डीसी प्रवाह मोजणारा एक क्लॅम्प मीटर घे, आणि येताना ते सगळं तिथेच सोडून ये. पण निघायच्या आधी तिथल्या माणसाला फोन करून विचार त्याच्याकडे काय नाही. माझ्या पोराने काय मागितलं होतं माहितीय? डोक्याला बांधायची बॅटरी. दिवसभर आम्ही दिवे बसवायचो, आणि रात्री तो सायकलवरून अंधारात घरी जायचा.