‘रोजा’ला ‘उपवास’ म्हणावं का?

प्रश्न (राबोडी, ठाणे): मधुमेह असलेल्यांसाठी रमजानचं एक पत्रक मराठीत करतेय. मी ‘रमजानचा उपवास’ लिहिलं आणि ‘उपवासात पाणी भरपूर प्या’ ही नेहमीची ओळ खाली तशीच राहिली. शेजारच्या आपा म्हणाल्या, पाणी प्यायलं तर रोजा राहील कसा? दुसरा शब्द सुचवा.

मुंब्रा: ताई, ‘रोजा’च लिहा. मूळ फारसी ‘रोज’, म्हणजे दिवस. आपल्या ‘दररोज’, ‘रोजंदारी’तला तोच. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत, म्हणजे आपल्याकडे ऋतूप्रमाणे 12 ते 15 तास, पाण्याचा थेंबही नाही. ‘निर्जळी’ जवळचा शब्द खरा, पण रोजा रोज संध्याकाळी सुटतो आणि असे 29 किंवा 30 दिवस चालतात.

आणखी एक प्रयोग पत्रकात हवाच: ‘रोजा लागणे’. ऊन लागतं तसा रोजा लागतो. दुपारनंतर तोंड सुकतं, डोकं दुखतं. पाणी नसतं, सवयीचा चहाही नसतो. यकृतातली साठवलेली साखर संपत आली की शरीर चरबी वापरू लागतं. धडधाकट माणसाला हे बहुधा झेपतं. पण इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील आणि घाम फुटला, हात थरथरले, बोलणं असंबद्ध झालं, तर तो रोजा लागलेला नसतो, साखर उतरलेली असते. ‘लागलाय, जरा पडू दे’ म्हणून माणसाला झोपवतात, याची मला फार भीती वाटते.

वाशी: क्रियापदही जपा. ‘सोडणे’ म्हणजे मगरिबला, सूर्यास्ताच्या अजाननंतर, इफ्तार करणे. ‘साखर 70 च्या खाली गेल्यास रोजा सोडा’ असं छापलंत तर माणूस अजानची वाट बघत बसेल. ‘तोडा’ लिहा.

राबोडी: ‘तोडा’ वाचून पाप वाटणार नाही?

मुंब्रा: म्हणून शेजारीच लिहा की आजाऱ्याला कुराणातच सवलत आहे (2:184). राहिलेला रोजा नंतर ठेवतात, ती ‘कजा’. बरं न होणारं दुखणं असेल तर गरिबाला जेवण, तो ‘फिदया’. बोटाला सुई टोचून साखर बघितल्यानं रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमा (धर्मपंडित) सांगतात. तेही टाका, लोक त्या भीतीनं तपासतच नाहीत.

राबोडी: पाण्याची ओळ बदलली: ‘इफ्तारपासून सेहरीपर्यंत थोडं थोडं पाणी पीत राहा.’ दुसरी अशी: ‘साखर 70 च्या खाली गेली तर अजानची वाट न बघता तिथल्या तिथे रोजा तोडा, साखरपाणी घ्या.’ आज आपांना वाचून दाखवते.