तीन पायांच्या, बऱ्या झालेल्या कुत्रीला घर: कुणाला द्यायची आणि कशी?

सदाफुली:
पुण्यात फॉस्टरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या घरी, असलेल्या एका गावठी कुत्रीसाठी कायमचं घर बघतेय. दातांवरून वय अंदाजे ३ वर्षं, वजन १६ किलो. गाडीखाली आल्यावर मागचा डावा पाय मांडीपासून काढावा लागला, त्याला ५ महिने झाले. नसबंदी, रेबीजची आणि नाइन-इन-वनची (कुत्र्यांच्या इतर आजारांवरची एकत्रित) लस झाली आहे. गोचीडतापाचा कोर्सही पूर्ण झाला. माणसांची ओढ खूप; मांजराच्या मागे लागते; काठी दिसली की पोट जमिनीला टेकवून बसते.

पोस्ट टाकली की 'बिचारी' म्हणून शंभर जण हळहळतात, पण फोन कुणाचा येत नाही. आता दोन ठिकाणांहून विचारणा आहे. एक मुळशीकडचं फार्महाऊस, राखणीला हवी म्हणतात. दुसरा चौथ्या मजल्यावरचा भाड्याचा फ्लॅट: लिफ्ट आहे, नवरा-बायको नोकरीला, मुलगा ६ वर्षांचा, आजी दिवसभर घरी. निवड कशी करायची आणि कागदपत्रं काय लागतात?

रानवाट:
फार्महाऊसला नको. राखणीला नेलेलं कुत्रं बहुतेक वेळा दिवसा साखळीला आणि रात्री मोकळं असतं. मालक शनिवार-रविवारी येणार, एरवी खाणं-औषध माळ्याच्या भरवशावर. तीन पायांवर तिला ना पळून जीव वाचवता येणार, ना टोळीशी भांडता येणार, आणि डोंगराकडेच्या वस्त्यांवरून बिबट्या कुत्री उचलतो. शिवाय ती माणसांची भुकेली आहे. तिला घरात झोपणारी माणसं हवीत.

फ्लॅटवाल्यांशी आधी फोनवर अर्धा तास बोला. 'नीट सांभाळाल ना?' हा प्रश्न विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. हे विचारा: सकाळी सहाला खाली कोण नेणार? रात्री ती कुठे झोपणार? मे महिन्यात गावी जाल तेव्हा ती कुठे? आधीचं कुत्रं असेल तर ते कशाने गेलं, कितव्या वर्षी? ज्यांनी खरंच विचार केलाय ते अडखळले तरी माणसाचं नाव घेऊन उत्तर देतात. 'बघू, होईल काहीतरी' आलं की तिथेच थांबा.

मग घर बघायला जा, सगळे घरात असतील अशा वेळी. दिवसभर तिच्यासोबत आजी असणार, म्हणून खरा होकार आजींचा हवा. त्यांना कुत्र्याची भीती किंवा सोवळ्याची अडचण असेल तर मुलगा-सून कितीही उत्सुक असोत, महिन्याभरात कुत्री परत येते. मुलाला तुमच्यासमोर तिच्याजवळ बसू द्या. सांगितल्यावर तो हात मागे घेतो का, आणि आईवडील त्याला थांबवतात का, एवढं बघा. गॅलरीच्या गजांमधून तिचं डोकं जात असेल तर जाळी लागल्याशिवाय द्यायची नाही.

आणि पोस्ट बदला. टाके आणि प्लास्टरचे फोटो काढून टाका. तिच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून, खिडकीच्या उजेडात काढलेले तीन फोटो आणि ३० सेकंदांचा व्हिडिओ पुरे: पट्ट्यावर चालताना, लिफ्टमध्ये शिरताना, दुसऱ्या कुत्र्याशेजारून जाताना. 'मांजर असलेल्या घरी नको' हे पहिल्या तीन ओळींत लिहा. लोक दयेपोटी हळहळतात, पण घरी नेताना 'हिच्यासोबत आपला दिवस कसा जाईल' हेच बघतात. ते त्यांना दिसू दे.

निळी_पावलं:
पायाबद्दल घरच्यांना नेमकं सांगा, कारण चूक इथे होते. चौपायी कुत्र्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर आणि ४० टक्के मागच्यांवर असतं. हिच्याकडे मागे एकच पाय आहे, त्यामुळे वजन वाढलं की मागचा सगळा भार त्याच गुडघ्यावर येतो. लाडाने बिस्किटं आणि तूप-पोळी सुरू झाली की तो गुडघा जातो. बरगड्या दिसू नयेत, पण हाताला लागाव्यात.

गुळगुळीत टाइल्सवर तो एक पाय घसरतो. ती झोपते तिथून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि दारापर्यंत खाली रबर असलेल्या चटया सलग अंथरायच्या. मध्ये दोन फुटांची फट राहिली तर ती तिथेच अडते आणि लोकांना वाटतं घाबरली. पंजाच्या गादीमधले केस आणि नखं दर तीन आठवड्यांनी कापायची. एक तास फिरवण्याऐवजी १०-१५ मिनिटं, दिवसातून चार वेळा. मागचा पाय नसला की जिना चढणं उतरण्यापेक्षा जड जातं. लिफ्ट बंद पडली तर पाठीवर मूठ असलेला हार्नेस (छाती-पोटाभोवती बांधायचा पट्टा) हवा.

फाइलमध्ये ठेवा: लसीचं कार्ड आणि पुढच्या तारखा, नसबंदीचा आणि पाय काढल्याचा कागद, रक्ताचे रिपोर्ट, जंताचं औषध शेवटचं कधी दिलं, गोचिडाची गोळी कोणती आणि कधी. काही गोळ्या महिनाभर चालतात, काही १२ आठवडे. नाव न लिहिता दिलं तर पुढचा डोस चुकतो. एक गोष्ट आवर्जून लिहा: गोचीडतापाचं झटपट किट अँटिबॉडी बघतं, त्यामुळे ताप बरा झाल्यावरही ते कित्येक महिने पॉझिटिव्ह येऊ शकतं. नव्या घरचे ते बघून घाबरतात. त्यांनी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करून प्लेटलेट बघाव्यात.

पायरीवरचा:
कागदाबद्दल थोडक्यात. दत्तकपत्रावर दोघांच्या सह्या, ओळखपत्राची प्रत आणि हे तीन मुद्दे हवेत: पहिले २१ दिवस चाचणीचे; ठेवणं जमलं नाही तर परत फक्त तुमच्याकडे, परस्पर दुसऱ्याला नाही; घर बदललं तर कळवायचं. पाळलेलं जनावर सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे, तेही लिहा. महापालिकेचा कुत्र्याचा परवाना त्यांच्या नावावर करून घ्या, त्याला रेबीजच्या लसीचा दाखला लागतो.

सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही; पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत ते आहे. पण तुमची अडचण सोसायटीपेक्षा घरमालकाची. ११ महिन्यांच्या करारात 'पाळीव प्राणी नको' असं कलम बऱ्याचदा असतं. करार स्वतः वाचा आणि मालकाची परवानगी लेखी घ्या, निदान मेसेजवर.

सदाफुली:
खूप आभार. आजींशी बोलणं झालं, त्यांनी स्वतःच विचारलं की भात किती वाजता देता. घरमालकाचा मेसेजही आला. पण त्यांना गणेश चतुर्थीला, गणपतीसोबतच तिला घरी आणायचंय. चालेल का?

रानवाट:
भावना फार छान आहे, पण त्या दिवशी नको. आरतीला माणसं येणार, दार सताड उघडं, खाली ढोल-ताशा. नव्या घरातून कुत्री पळते ती पहिल्या आठवड्यात आणि बहुतेक वेळा उघड्या दारातून. अनंत चतुर्दशी होऊन दोन-तीन दिवस जाऊ द्या. तिथून दिवाळीपर्यंत साधारण सहा आठवडे मिळतात, चाचणीचे २१ दिवस त्यात बसतात आणि फटाक्यांच्या आत ती रुळते.

सकाळी न्या, निघण्याआधी तीन-चार तास जेवण नको. तिची न धुतलेली चादर सोबत द्या. पट्टे दोन: एक ओढल्यावर आवळणाऱ्या मार्टिंगेल कॉलरला, दुसरा हार्नेसला, आणि दुसऱ्याचं टोक नेणाऱ्याच्या कमरेला बांधलेलं. गळ्यात दोन फोन नंबरांचा बिल्ला, तो घरातही काढायचा नाही. पहिला आठवडा खाणं तुमचंच; बदलायचं असेल तर नंतर ७ ते १० दिवसांत थोडं थोडं. पहिला दिवस खाल्लं नाही, बारा तास शू केली नाही तरी घाबरू नका. पाणीच पीत नसेल तर डॉक्टर. पाहुणे पहिले दोन आठवडे नकोत. वॉचमनला आधीच सांगून ठेवा, ती जाताना काठी बाजूला ठेवायची.

सुटलीच तर मागे धावायचं नाही, धावलं की ती आणखी लांब जाते. सुटली त्याच जागी तिची चादर ठेवून जमिनीवर बसा, घरच्यांनी लगेच तुम्हाला फोन करायचा, आणि शोध पहाटे चार ते सहा, रस्ते शांत असताना.

फोन तिसऱ्या, सातव्या, एकविसाव्या आणि नव्वदाव्या दिवशी करा. फोटो नको, चालतानाचा व्हिडिओ मागा. चटया अजून अंथरलेल्या आहेत का ते त्यातच दिसतं.